प्रस्तावना : सातशे व्होल्टांशी घरोबा

मोबाइलला लावायचा साधा हेडफोन पाव व्होल्टात कान भरून वाजतो. मग हेडफोनसाठी सातशे व्होल्टांचा अ‍ॅम्प्लिफायर कशाला, असं हे पुस्तक हातात घेणारा पहिल्याच पानावर विचारणार. विचारलंच पाहिजे. ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याने सोल्डरिंगचं आयर्न तापवूच नये. विजेच्या कामात ‘कशाला’ न विचारणारी माणसं फार लवकर धीट होतात.

उत्तर हेडफोनच्या जातीत आहे. नेहमीच्या हेडफोनात बारीक तारेचं वेटोळं पडद्याला चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे होतं. तारेतून करंट गेला की वेटोळं हलतं, वेटोळ्याबरोबर पडदा हलतो, आवाज होतो. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनात चुंबकही नाही आणि वेटोळंही नाही. एक ते दोन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतका किंवा त्याहून पातळ प्लास्टिकचा पडदा कडीवर ताणून बसवतात आणि त्यावर वीज जेमतेम वाहील असा लेप देतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरवर एकेक जाळीदार पत्रा असतो. त्याला स्टेटर म्हणतात. पडद्यावर कायमचा ५८० व्होल्टांचा भार ठेवायचा आणि दोन्ही स्टेटरना गाण्याचा सिग्नल उलटसुलट द्यायचा. एक पत्रा ओढतो, दुसरा ढकलतो, मधला पडदा हलतो. ओढ सगळ्या पडद्यावर एकाच वेळी आणि सारखी पडते. वेटोळ्याच्या पडद्याला मध्यभागी धक्का बसतो आणि कडा मागून येते. हा उशीर इथे नाही.

पडद्याला भार पोचवायचा तो ४.७ मेगओमच्या रेझिस्टन्समधून. एवढी मोठी किंमत कशाला, असं वाटेल. पडदा एखाद्या स्टेटरकडे झुकला तरी त्याच्यावरचा भार झटकन बदलू नये, म्हणून. भार स्थिर राहिला की जोर फक्त सिग्नलच्या प्रमाणात राहतो आणि आवाजातला वेडावाकडेपणा निम्म्याहून पुष्कळ खाली येतो. या हेडफोनचा सगळा सभ्यपणा एका बारक्या रेझिस्टन्सवर उभा आहे. पाचव्या प्रकरणात त्याच्यावर दोन पानं खर्ची पडली आहेत ती म्हणूनच.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ साली याच तत्त्वावरचा घरगुती स्पीकर बाजारात आणला. जपानच्या स्टॅक्सने १९६० साली तेच कानावर घालता येईल एवढं लहान केलं. स्टॅक्सवाले आजही त्याला हेडफोन न म्हणता ‘इअरस्पीकर’ म्हणतात. १९९१ साली जर्मनीच्या सेन्हायझरने ‘ऑर्फियस’ काढला. त्याच्यासोबत येणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पाहिल्यावर, ऐपत नसलेल्या जगभरच्या हौशी लोकांनी स्वतःच असं काही बांधायचं मनावर घेतलं. आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. पुण्याच्या केडन्स ऑडिओने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवले आणि ते परदेशातही विकले. आपल्या पावसाळी दमट हवेत उच्चदाबाचा पडदा टिकत नाही म्हणणाऱ्यांना हे उदाहरण मी नेहमी देतो.

आता थोडा हिशेब. तो टाळून पुढे जाता येणार नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या नजरेने सुमारे शंभर पिकोफॅरडचा कंडेन्सर, त्यात वायरही आली. वीस किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ऐंशी हजार ओमच्या घरात जातो. म्हणजे करंट जवळजवळ लागतच नाही, लागतात ते व्होल्ट. दोन स्टेटरमध्ये शंभर व्होल्ट दिले की साधारण शंभर डेसिबल आवाज मिळतो. या पुस्तकातल्या अ‍ॅम्प्लिफायरला अधिक साडेतीनशे आणि उणे साडेतीनशे असे दोन पुरवठे आहेत. त्यातून दोन स्टेटरमध्ये साडेचारशेच्या वर व्होल्ट निघतात, म्हणजे एकशे तेरा डेसिबलच्या आसपास. कान कायमचे बाद व्हायला ते पुरेसं आहे. व्हॉल्यूमच्या बटणाबद्दल मी पुढे जो वैताग आणला आहे त्याचं कारण हेच.

तेवढ्या जोरावर वीस किलोहर्ट्झ वाजवायचे झाले तर करंटचा माथा आठेक मिलिअँपिअरवर जातो. म्हणून प्रत्येक आउटपुटातून पंधरा मिलिअँपिअर कायम वाहते ठेवायचे, गाणं असो वा नसो. असे चार आउटपुट आणि त्यांच्यावर सातशे व्होल्ट. गुणाकार केला तर बेचाळीस वॅट होतात. त्यातला हेडफोनला पोचणारा भाग सांगायलाही लाज वाटावी इतका कमी. बाकी सगळा हीटसिंकमधून खोलीत. मे महिन्यात दुपारी हे यंत्र चालू करणाऱ्याला घरातली माणसं काय म्हणतात ते मला पाठ आहे.

एवढा खटाटोप करून ऐकायचं काय? माझं उत्तर तंबोरा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या किंचित बाक दिलेल्या पृष्ठाला घासत सुटते आणि एका स्वरातून वरच्या स्वरांचा सगळा परिवार उमलत जातो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं होतं. तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर उठायलाच नकोत ते इथे ठणठणीत उठतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते उपस्वर वर, बारीक आणि सतत रूप बदलणारे असतात. साध्या हेडफोनात त्यांचा एकच झणकार होतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये पंचमाच्या तारेवर पहिल्यांदा कोणता उपस्वर आला, कोणता मागून आला आणि कोणता विरला, हे मोजून सांगता येतं. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्यासाठी लागणारे भोपळे आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरकडच्या भागात पिकतात. कारागिराने जवारीवर घालवलेला दिवस कुठे जातो हे ऐकायचं असेल तर व्होल्ट खर्च करावे लागतात.

आणि आमच्या नळदुर्गात बसून तंबोऱ्याची गोष्ट काढली की इब्राहिम आदिलशहा दुसरा आठवल्याशिवाय राहत नाही. बोरी नदीवरचा पाणीमहाल त्याच्याच कारकिर्दीत, १६१३ साली बांधला गेला. दख्खनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ लिहिणारा हा सुलतान आपल्या तंबोऱ्याला मोतीखान म्हणायचा. गावाला येणारे पाहुणे नर-मादी धबधब्यापुढे फोटो काढतात आणि निघतात. ज्याच्या राज्यात हा पाणीमहाल उभा राहिला तो स्वतः गाण्यात बुडालेला होता हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पुस्तक लिहायला घेतलं ती सांगतो. उच्चदाबाची इलेक्ट्रॉनिक्स ही पाश्चात्त्यांची किंवा महानगरांची मक्तेदारी आहे असं समजून आपल्याकडची पोरं तिच्यापासून लांब राहतात. खरं तर तालुक्याच्या प्रत्येक गावात ही विद्या पन्नास वर्षं नांदली आहे. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला प्लेटवर दोन-अडीचशे व्होल्ट असतात हे तोंडपाठ होतं. ते व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनत. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आले आणि त्याच दुकानात चित्रनळीच्या टोपीखाली पंचवीस हजार व्होल्ट आले. टीव्ही उघडला की मेकॅनिक आधी काय करायचा ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं सगळं पुस्तक सोपं जाईल. तो नळीच्या पाठीवरच्या अर्थच्या जाळीला एक वायर बांधायचा, वायरचं दुसरं टोक लांब स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला, आणि मग ते टोक रबरी टोपीखाली हळूच सरकवायचा. टप् असा आवाज व्हायचा. मग तो पुन्हा एकदा सरकवायचा, कारण नळीत थोडा भार परत जमतो. त्यानंतरच हात आत.

त्याच्या टेबलावर आणखी एक वस्तू असायची. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि होल्डरात शंभरचा बल्ब. तो सिरीज बोर्ड. दुरुस्त झालेला सेट थेट लाइनवर न लावता तो आधी या बल्बातून लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा भपकन पेटून मंद होतो. यामागचं गणित सुंदर आहे. शंभर वॅटचा बल्ब पूर्ण तापला की त्याचा अडथळा ५२९ ओम होतो आणि थंड असताना त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणजे संकट आलं की आपोआप आडवा येणारा आणि एरवी बाजूला होणारा रेझिस्टन्स, तोही किराणा दुकानात मिळणारा. आता मात्र तो किराणा दुकानातून गेला. एलईडीचा बल्ब या कामाला पूर्ण निरुपयोगी आहे. त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं आणि ते तापलेल्या तारेसारखं वागत नाही. तारेचा शंभरचा बल्ब कुठे धूळ खात पडलेला दिसला तर दोन घेऊन ठेवा. या पुस्तकातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं हत्यार तेच.

चित्रनळी गेली आणि ही माणसं मोबाइलच्या डिस्प्लेकडे, सीसीटीव्हीकडे, डिश बसवण्याकडे वळली. पोटासाठी वळावंच लागतं. पण पाच व्होल्टांवर वाढलेल्या नव्या मेकॅनिकला कंडेन्सर उतरवायची सवय नाही. एका हाताने काम करायचं आणि दुसरा पाठीमागे ठेवायचा, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मला वाटतं, हा अ‍ॅम्प्लिफायर बांधण्याचं खरं निमित्त हे आहे. गाणं मिळेलच. पण ती हातोटी जाणत्यांच्या हयातीत पुढच्या हातात जावी.

म्हणून माझा आग्रह आहे की सामान मागवायच्या आधी आपल्या गावातलं जुनं टीव्हीचं दुकान गाठा. तिथले काका आधी हसतील. हेडफोन कानाला आणि त्यात पाचशे व्होल्ट, हे ऐकून कोणीही हसेल. मग सर्किट पुढे ठेवा. आउटपुटचा भाग पाहून ते म्हणतील, “हे तर आपलं पिक्चर ट्यूबचं नेक कार्ड झालं की रे.” आणि ते बरोबरच आहे. या कामाला लागणारे सहाशे-नऊशे व्होल्ट सोसणारे छोटे ट्रान्झिस्टर मुळात चित्रनळीच्या टीव्ही-मॉनिटरसाठीच बनत. चित्रनळ्या संपल्या तसे कारखान्यांनी ते बंद केले. बाजारात आता जे त्याच नावाने मिळतात त्यात नकली फार. लॅमिंग्टन रोडवर घ्या, बुधवार पेठेत घ्या किंवा घरपोच मागवा, आल्यावर प्रत्येक नग तपासल्याशिवाय बोर्डावर लावायचा नाही. तपासायचा जिग चौथ्या प्रकरणात दिला आहे. त्याला एक मोठा रेझिस्टन्स, उच्चदाबाचा एक पुरवठा आणि मीटर एवढंच लागतं.

दुसरी जागा मोटार वाइंडिंगची. मराठवाड्यात पाणी खोल आणि विजेचा भरवसा नाही, त्यामुळे विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी सतत जळतात. परिणामी तांब्याची तार गुंडाळणारे कसबी हात आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. परदेशी पुस्तकं ट्रान्सफॉर्मर तयार विकत घ्या म्हणतात. आपण तो बांधून घ्यायचा. वाइंडिंगवाल्याला ‘हेडफोन’ हा शब्द सांगू नका, त्याने त्याला काही कळणार नाही. त्याला सांगा, ‘प्रायमरी दोनशे तीस, सेकंडरी दोन, प्रत्येकी तीनशे चाळीस व्होल्ट, शंभर मिलिअँपिअर. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये मिलिनेक्सचे चार पदर. दर थराला कागद. शेवटी वार्निश पाजून भट्टी.’ हे त्याला एका दमात समजतं. दर थराला कागद कशाला, एवढं मात्र तो विचारेल. मोटारीच्या तारेला शेजारच्या तारेपासून फारसा धोका नसतो. इथे वरच्या थराच्या आणि खालच्या थराच्या टोकांमध्ये बराच दाब जमतो आणि तारेवरच्या इनॅमलच्या भरवशावर राहता येत नाही. हे एकदा नीट सांगितलं की तो तुमच्यापेक्षा काटेकोर काम करतो.

तीनशे चाळीस हा आकडा मी सहज निवडलेला नाही. रेक्टिफायरनंतर त्याचे चारशे ऐंशी डीसी होतात. हा हिशेब दोनशे तीस व्होल्ट लाइनवर असताना. पण शिवारातली लाइन दोनशे तीसवर कधी बसते? संध्याकाळी मोटारी चालू असल्या की ती एकशे नव्वदवर येते, तेव्हा चारशे ऐंशीचे तीनशे सत्त्याण्णव उरतात. पहाटे लोड उतरला की ती दोनशे साठवर चढते, तेव्हा ते पाचशे त्रेचाळीस होतात. युरोप-अमेरिकेतले बरेच आराखडे चारशे किंवा त्याहून जास्त व्होल्टांचा स्थिर पुरवठा मागतात. अमेरिकेतल्या केविन गिल्मोर यांनी असे उत्तम आराखडे सगळ्यांना खुले केले आणि जगभरची हौशी मंडळी त्यांच्यावरच वाढली. त्यांचा आदर राखूनही तो आकडा आपल्या लाइनवर चालत नाही. चारशेचा रेग्युलेटर संध्याकाळी श्वासच घेऊ शकत नाही आणि शंभर हर्ट्झची घरघर कानात येते. मी तो साडेतीनशेवर आणला. त्यात आवाजाची किंमत मोजली किती, तर एक डेसिबलहून जरा जास्त. ती कोणाच्याही कानाला कळत नाही. वरच्या बाजूची सोय म्हणजे फिल्टरला पाचशे व्होल्टांचा एक कंडेन्सर न लावता साडेतीनशेचे दोन एकामागोमाग. पहाटेच्या दोनशे साठमध्ये पाचशेचा कंडेन्सर फुटतो आणि त्याचा वास दोन दिवस जात नाही. मोठा स्टॅबिलायझर घ्या असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण रिलेचा स्टॅबिलायझर दर काही मिनिटांनी टक् करून पायरी बदलतो आणि ती टक् शांत आलापात ऐकू येते.

हे सगळं समजावून सांगताना मी पाहुण्यांना पाणीमहालावर नेतो. नदीचं सगळं पाणी एका भिंतीने तोलून धरलं आहे, आणि त्या भिंतीच्या पोटात माणसांना बसायला दालनं आहेत. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो. बांधणाऱ्याने दोन गोष्टी आधी ठरवल्या होत्या. माणूस कुठे असेल हे एक, आणि जास्तीचं पाणी कुठून जाईल हे दुसरं. नर आणि मादी या त्या जास्तीच्या पाण्याच्या वाटा. फिल्टर कंडेन्सरमध्ये आपण दाब असाच कोंडतो. प्लग काढला तरी तो तिथेच असतो. त्याला वाट म्हणून प्रत्येक कंडेन्सरच्या डोक्यावर शंभर किलोओमचा, दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा सोल्डर करायचा. मिनिटाभरात दाब दहाव्या हिश्श्यावर उतरतो. हाच रेझिस्टन्स दोन कंडेन्सरमध्ये व्होल्ट सारखे वाटण्याचंही काम करतो. त्यामुळे तो निकामी झाला तर दोन गोष्टी एकदम बिघडतात. म्हणून तो चांगल्या कंपनीचा घ्या आणि बोर्डापासून उचलून लावा.

सुरक्षेच्या प्रकरणाची पानं या पुस्तकात सगळ्यात जास्त आहेत. प्रकाशक मंडळींना ती कमी हवी होती, मी ऐकलं नाही. त्यातल्या दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण प्रस्तावना वाचून थेट सर्किटच्या पानावर उडी मारणारे वाचक मला माहीत आहेत.

पहिली गोष्ट, घरच्या बोर्डावरच्या ईएलसीबीची. ती आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहते आणि तीस मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडते. आपला ट्रान्सफॉर्मर मात्र मध्ये उभा आहे. एका हाताने अधिक साडेतीनशे आणि दुसऱ्याने पेटीचा पत्रा धरलात, तर करंट सेकंडरीतून निघून तुमच्या छातीतून सेकंडरीतच परत जातो. प्रायमरीकडे जाणारा आणि येणारा करंट सारखाच दिसतो. ईएलसीबीला काही कळत नाही, ती पडत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तुमचं रक्षण करणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे तुमची शिस्त. अर्थिंग तरीही हवंच. प्रायमरी पत्र्याला टेकली तर तेच वाचवतं. गावाकडच्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनमागे वायर असतेच असं नाही. वायरमन बोलावून खात्री करून घ्या. नसेल तर कोळसा-मीठ घालून खड्डा करून घ्या आणि मगच पुढचं पान उलटा.

दुसरी गोष्ट मीटरची. पडद्याला जाणारे ५८० व्होल्ट मोजायला तुम्ही हेडफोनच्या सॉकेटवर मीटर लावाल आणि तो ३९५ दाखवेल. सर्किट चुकलं असं वाटून तुम्ही दाब वाढवायला जाल. तसं करू नका. मीटरचा स्वतःचा अडथळा दहा मेगओम असतो आणि वाटेत ४.७ मेगओम आहेत. दोघांनी व्होल्ट वाटून घेतले, एवढंच झालं आहे. ३९५ दिसले म्हणजे खरे ५८० आहेत. उलट तिथे ५८० दिसले तर खरे साडेआठशे असतील आणि पडदा स्टेटरला चिकटून बसेल. याच धर्तीचा आणखी एक सापळा पाव वॅटच्या रेझिस्टन्सचा. त्याच्यावर वॅट छापलेले नसतात, पण माणसं ते मोजतात. व्होल्ट मात्र कोणी मोजत नाही. तो अडीचशे व्होल्टांपर्यंतच सांगितलेला असतो. वॅटचं गणित बरोबर असूनही तो महिन्याभराने किंमत बदलतो आणि दोष भलत्याच ट्रान्झिस्टरवर जातो. जिथे साडेतीनशे आहेत तिथे दोन-तीन एकामागोमाग लावा.

व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, या वादात मी शिरलो नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर दिसायला देखणा असतो, चुका माफ करतो आणि उच्चदाब त्याच्या अंगवळणी आहे. पण चांगल्या जोड्या आता मिळेनाशा झाल्या आहेत आणि हीटरचे वॅट वर. ज्यांना हवा त्यांच्यासाठी परिशिष्टात एक सर्किट आहे. मुख्य पुस्तक ट्रान्झिस्टरचं.

या पुस्तकात काही गोष्टी मुद्दाम नाहीत. स्टेटर आणि पडदा घरी बनवण्याची कृती नाही. ती वेगळी कला आहे आणि चुकली तर ज्याच्या कानावर बसवाल त्याला महागात पडते, म्हणून हेडफोन कारखान्यातला घ्या, जुना चालेल. ट्रान्सफॉर्मर टाळून थेट लाइनवरून दाब चढवणारी स्वस्त सर्किटंही नाहीत. ती मागणारे मला भेटले आहेत. त्यांना मी चहा पाजतो, सर्किट देत नाही. ज्याने आयुष्यात एकही पॉवर सप्लाय बांधलेला नाही त्याने इथून सुरुवात करू नये. आधी बारा व्होल्टांचा रेग्युलेटर बांधावा, तो जाळावा, पुन्हा बांधावा आणि मग यावं. घरात लहान मूल असेल तर पेटीला झाकण आणि झाकणाला स्क्रू, चाचणीच्या दिवशीसुद्धा. आणि पहिल्यांदा दाब चढवताना घरात दुसरं कोणीतरी जागं आणि जवळ असू द्या. मेन स्विच कुठे आहे हे त्याला आधी दाखवून ठेवा.

पहिल्या प्रकरणात सर्किट सापडणार नाही. तिथे फक्त ट्रान्सफॉर्मरचं मोजमाप आहे: स्टॅम्पिंगचा आकार, फेरे, तारेचा गेज, कागदाचे पदर, आणि हे सगळं एका पानावर, फाडून वाइंडिंगवाल्याच्या हातात देता येईल असं. हंगामात त्याच्याकडे मोटारींची रांग असते आणि तुमचं काम मागे पडतं. तेव्हा ते पान आजच देऊन या. तो ट्रान्सफॉर्मर देईपर्यंत दुसरं आणि तिसरं प्रकरण वाचून होईल, आणि तोवर शंभरचा बल्बही कुठे मिळतो का ते शोधता येईल.